आजीचं आयुष्य लिहून ठेवायचं तर: आधी काय, नंतर काय

आजी गेल्यावर महिनाभरात मी तिच्यावर दोन पानं लिहिली. प्रेमळ, कष्टाळू, हसतमुख, सगळ्यांना धरून राहणारी वगैरे. मावशीला वाचायला दिली. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, नीट घडी घातली आणि म्हणाली, "छान लिहिलंयस. पण ही आई नाही रे. आईला घरात चार माणसं जमली की दहाव्या मिनिटाला राग यायचा."

बरोबरच होतं. ती दोन पानं कुणाच्याही आजीला चालली असती. मग पुढची दोन वर्षं, सुट्टी मिळेल तशी, मी तेच काम पहिल्यापासून केलं. त्यात लक्षात आलं की माझं चुकलं ते लिहिण्यात नाही, क्रमात. लिहिणं हे यातलं जवळजवळ शेवटचं काम. आधी गोळा करायचं, आणि गोळा करताना नियम एकच: जे आधी नाहीसं होणार ते आधी. कागद चाळीस वर्षं थांबतो. कॅसेट तेवढी थांबत नाही. आणि आजीची नव्वदीतली मैत्रीण पुढच्या सुट्टीपर्यंत थांबेलच असं नाही.

तुमची आजी हयात असेल तर खालचा "माणसं" हा भाग आधी वाचा आणि आजच सुरुवात करा. बाकीचं मागाहून वाचलंत तरी काही बिघडत नाही.

पहिले तीन-चार दिवस फक्त स्वतःची आठवण

कुणालाही फोन करण्याआधी तुम्हाला स्वतःला काय आठवतं ते लिहून काढा. एकदा मामाची, आत्याची आठवण कानावर पडली की ती तुमच्या आठवणीत मिसळते आणि मग वेगळी करता येत नाही. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली आणि वेग विचारला. प्रश्नात "आपटल्या" अशा अर्थाचं जोरकस क्रियापद वापरलं तर लोक वेग जास्त सांगायचे. आठवड्याने पुन्हा विचारलं तेव्हा त्या गटातल्या जास्त लोकांना फुटलेल्या काचाही "आठवल्या". फिल्ममध्ये काचा फुटल्याच नव्हत्या. दुसऱ्याच्या एका शब्दाने एवढं होतं, तर आत्याच्या तासाभराच्या गप्पांनी काय होईल!

वही नको, सुट्या चिठ्ठ्या घ्या. एका चिठ्ठीवर एकच आठवण, आणि ती दिसणारी किंवा ऐकू येणारी हवी. हात कसे होते, जिना चढताना कुठे थांबायची, चिडली की आवाज चढायचा की उतरायचा, कुठलं वाक्य दिवसातून चारदा म्हणायची. ते वाक्य तिच्याच शब्दांत लिहा, शुद्धलेखन दुरुस्त करू नका. अर्थ लावायचा नाही. "स्वाभिमानी होती" हा अर्थ झाला. "कुणी हात द्यायला पुढे आलं की काठी त्या बाजूच्या हातात घ्यायची" ही आठवण.

माझ्या पहिल्या गठ्ठ्यातल्या तीन चिठ्ठ्या अशा होत्या: "फोनवर बोलणं संपलं की 'बरं, ठेवते' वगैरे नाही, सरळ ठेवून द्यायची." "कात्री समोर असली तरी दोरा दातानेच तोडायची." "नुसती बसली की दोन्ही हातांची बोटं मांडीवर चालायची, काहीतरी वाजवत असल्यासारखी." तिसरी चिठ्ठी मी टाकून देणार होतो, कारण तिच्यात काही अर्थ दिसत नव्हता. या टप्प्यात काहीही टाकू नका.

माणसं: वयाने मोठी आधी

यादी करा आणि वयाप्रमाणे लावा. नातेवाइकांवर थांबू नका. शेजारीण, शाळेतली मैत्रीण, नोकरी केली असेल तर तिथलं कुणी, आणि विशेषतः तिची धाकटी भावंडं. तिला लहान मुलगी म्हणून पाहिलेली हीच माणसं उरलेली असतात.

"आजीबद्दल सांगा ना," असं विचारलंत तर "फार चांगली बाई," एवढंच उत्तर येतं आणि पुढे शांतता. दोष त्यांचा नाही, प्रश्नच फार मोठा आहे. मला सगळ्यात उपयोगी पडली ती युक्ती साधी आहे. कागद-पेन पुढे करायचं आणि म्हणायचं, "तुम्ही दोघी लहानपणी राहायचात त्या घराचा नकाशा काढून दाखवता का?" हात चालायला लागला की माणूस त्या घरात शिरतो. इथे दार, इथे खिडकी, ही खिडकी बंद व्हायची नाही म्हणून हिवाळ्यात भांडणं, कडेला कोण झोपणार यावरून. दोन तासांत विचारूनही जे मिळालं नसतं ते दहा मिनिटांत मिळतं.

मग छोटे प्रश्न. ती कुणाला घाबरायची? तिच्या हातात स्वतःचे पैसे पहिल्यांदा कधी आले आणि तिने त्यांचं काय केलं? कशावरून हट्ट धरायची? तिला काय व्हायचं होतं? ती कुणाशी बोलत नव्हती, आणि का? उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात दहा आकडे मोजा. खरी गोष्ट बहुतेक वेळा त्या दहा आकड्यांनंतर येते. सनावळी चुकली तरी मध्येच दुरुस्त करू नका, नाहीतर समोरचा माणूस परीक्षेला बसल्यासारखा सावध होतो.

म्हाताऱ्या माणसांना साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त असतात, हे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलेलं आहे. म्हणून आजी हयात असेल तर तिला तिच्या पंधराव्या, विसाव्या वर्षाबद्दल विचारा. आपण नेमके आपल्या जन्मानंतरचे प्रश्न विचारतो. त्यात आपणच असतो, म्हणून असेल.

आजी तेच तेच सांगते अशी घरोघरची तक्रार. जुनं उगाळत बसणं हे एकेकाळी मन थकल्याचं लक्षण मानलं जायचं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडलं की आयुष्याचा असा फेरआढावा घेणं ही उतारवयातली स्वाभाविक गोष्ट आहे. तेव्हा पाचव्यांदा सांगितलेली गोष्टही रेकॉर्ड करा, आणि या वेळी काय बदललं तिकडे कान ठेवा. बदललेला तपशील बहुधा महत्त्वाचा असतो.

तिची स्मृती ओसरत असेल तर "आठवतंय का तुला?" हा प्रश्न पूर्ण टाळा. त्याचं उत्तर "नाही" आलं की ती ओशाळते. एखादी जुनी वस्तू हातात द्या, स्वतः एक वाक्य बोला आणि थांबा. जे येईल ते घ्या. चुकीचं असलं तरी मान डोलवा.

रेकॉर्डिंगसाठी मोबाइल पुरतो, पण थोडी तयारी लागते:

- रेकॉर्ड करतोय हे आधी सांगा आणि परवानगी घ्या. हे रेकॉर्डिंग कोण ऐकणार हेही सांगा.
- मोबाइल एअरप्लेन मोडवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, मऊ कापडावर. नुसत्या टेबलावर ठेवला तर प्रत्येक टकटक त्यात येते.
- पंखा बंद. हे कुणाच्या लक्षातच राहत नाही.
- मिनिटभर रेकॉर्ड करून ऐकून बघा, मगच सुरू करा.
- सुरुवातीला तारीख, तुमचं नाव आणि समोरच्याचं नाव बोला. पाच वर्षांनी फाइलचं नाव बदललेलं असलं तरी आवाज सांगेल.

एका बैठकीला तास पुरे. २००३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या 'स्टोरीकॉर्प्स' या उपक्रमात दोन ओळखीच्या माणसांची जी संभाषणं नोंदवली जातात ती ४० मिनिटांची असतात. अनुभव असा की तेवढ्यात खूप होतं. समोरच्याच्या आवाजात थकवा आला की तुमचे कितीही प्रश्न उरले असोत, थांबायचं आणि पुढची वेळ ठरवूनच उठायचं.

तिचा आवाज कुठे आहे का ते शोधा

फोटो सगळेच शोधतात, आवाज कुणी शोधत नाही. लग्नाच्या, वाढदिवसाच्या व्हिडिओत मागे कुठेतरी ती कुणाला तरी हाक मारत असते. मोबाइलवरचे ध्वनिसंदेश त्या ॲपमधून बाहेर काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मोबाइल बदलताना गेले की गेले.

जुन्या कॅसेटबद्दल सविस्तर सांगतो, कारण इथे मी स्वतः माती खाल्ली आहे. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन कोपऱ्यांत प्लास्टिकच्या दोन छोट्या चकत्या असतात. त्या तोडल्या की तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होऊ शकत नाही. कॅसेट यंत्रात घालण्याआधी त्या तोडायच्या. मी तोडल्या नाहीत. जुन्या टेपरेकॉर्डरची बटणं झिजलेली, 'प्ले'बरोबर शेजारचं लाल बटणही दाबलं गेलं. चार सेकंदांत कळलं, पण ती चार सेकंदं गेली. आजी कुणाला तरी नावाने हाक मारते आणि मध्येच माझ्या खोलीतली शांतता ऐकू येते.

तर: चकत्या तोडा. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली किंवा ती चिकट लागली तर कॅसेट वाजवूच नका, अशी कामं करणाऱ्या जाणकाराकडे द्या. ठीक दिसली तर पहिल्यांदा वाजवतानाच संगणकावर उतरवून घ्या. "आधी ऐकून तर बघू" नको, कारण काही पट्ट्या एकदाच नीट वाजतात. फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारात ठेवा, त्यात आवाज दाबून लहान केला जात नाही. वाटायला हवी तर त्यावरून लहान फाइल करा.

फोटो आणि कागद

फोटो हातात आला की आधी उलटा करा. मागचा शिक्का, तारीख, कुणाच्या तरी अक्षरातली अर्धी ओळ हा निम्मा ऐवज असतो. म्हणून स्कॅन करताना मागची बाजूही करा.

फोटोच्या पाठीवर बॉलपेन चालवू नका. दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. जुन्या कागदी पाठीवर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. नंतरच्या गुळगुळीत, प्लास्टिकसारख्या पाठीवर पेन्सिल उमटत नाही. तिथे फोटो कागदी पाकिटात घाला आणि फोटो आत जाण्याआधी पाकिटावर लिहा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो उपटू नका. सहज सुटत नसेल तर पानासकटच स्कॅन करा.

स्कॅनिंगला ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) ठेवा. ९ बाय १३ सेंटिमीटरच्या फोटोची त्यातून साधारण २१०० गुणिले ३००० पिक्सेलची फाइल होते, म्हणजे दुप्पट आकारात छापली तरी स्वच्छ दिसते. नुसत्या कागदपत्रांना ३०० पुरतं. मूळ फाइल टिफ या प्रकारात, वाटायची जेपेग या लहान प्रकारात. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेले फोटो दाबून लहान होऊन येतात, म्हणून नातेवाइकांना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. दोनदा सांगावं लागतं. फाइलच्या नावात वर्ष आधी, अंदाज असेल तर "सुमारे", मग कोण आणि कुठे.

कागदांत रद्दी असं काही नसतं. हिशेबाच्या वह्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, बस-रेल्वेची तिकिटं. आजीच्या विम्याच्या कागदांत मला एक चौपदरी घडी सापडली. टायपिंगच्या परीक्षेचं प्रमाणपत्र, मिनिटाला ४० शब्द, तिच्या लग्नाआधीच्या नावाने. आजी टायपिंग शिकलेली हे आमच्या पिढीत कुणालाच माहीत नव्हतं. मी मावशीला फोन केला. ती म्हणाली, "हो, चार वर्षं नोकरी केली तिने. आम्हाला कधी सांगायचीच नाही." फोन ठेवल्यावर मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. बोटं मांडीवर चालायची, काहीतरी वाजवत असल्यासारखी.

वर्षांचा तक्ता

आता पाच रकाने आखा: वर्ष, तिचं वय, काय झालं, कोण म्हणतं, किती खात्री. "तिचं वय" हा रकाना कधीही गाळू नका. "आईचं आजारपण आलं तेव्हा" हे सहज लिहून जातो आपण, पण शेजारी "वय ११" दिसलं की मग तो प्रसंग कळतो. मागच्या पिढीतल्या कित्येकांची कागदावरची जन्मतारीख खरी नसते. दोन तारखा निघाल्या तर दोन्ही लिहा, निवाडा करत बसू नका.

सन आठवत नसेल तर "त्याआधी की नंतर?" असं विचारा. धाकटा जन्मला त्याआधी की नंतर, घरात वीज आली त्याआधी की नंतर. चंद्रावर माणूस उतरला ती बातमी (जुलै १९६९) कुणाच्या घरात बसून ऐकली, हे पुष्कळांना पक्कं आठवतं.

तक्ता भरला की रिकाम्या जागा दिसतात. माझ्या तक्त्यात तिच्या १८ ते २२ या वयात काहीच नव्हतं. प्रमाणपत्राने भरली ती हीच जागा. तुमच्या तक्त्यात अशी जागा दिसली तर पुढचे सगळे फोन तेवढ्याच वर्षांबद्दल करा.

न जुळणारं आणि न सांगायचं

एका प्रसंगाच्या दोन गोष्टी निघणारच. मोठा मामा म्हणतो घर तिने सोडलं, धाकटा म्हणतो तिला सोडायला लावलं. सरासरी काढू नका. "मोठ्या मामाच्या मते... धाकट्याच्या मते..." असं दोन्ही लिहा. वाचणाऱ्याला त्यातून घराबद्दल जास्त कळतं.

गुपितांचं अवघड आहे. मी स्वतःला तीन प्रश्न विचारले: हे तिने स्वतः कुणाला सांगितलं होतं का? ज्याचं नाव येतं ती व्यक्ती हयात आहे का? हे वगळलं तर तिचं आयुष्य समजतं की नाही? शंका राहिली तर लेखात घेऊ नका, पण नष्टही करू नका. बंद पाकिटात घालून वर "अमुक वर्षाआधी उघडू नये" असं लिहा. मौखिक इतिहासाच्या संग्रहांत मुलाखतींवर अशी मुदत घालण्याची पद्धत आहे.

तिचे दोष मात्र ठेवा. माझी आजी माणसांना कंटाळायची, आणि एका बहिणीशी अकरा वर्षं बोलली नाही. हे काढलं की उरते ती माझी पहिली दोन पानं.

आता लिहा

पहिलं वाक्य जन्मतारखेचं नको. एखाद्या चिठ्ठीतला प्रसंग घ्या, तिला काहीतरी करताना दाखवा, मग मागे जा. सलग चरित्राचा आग्रह सोडा. सहा-सातशे शब्दांची आठ-दहा प्रकरणं पुरतात, आणि ती कुठल्याही क्रमाने लिहिता येतात.

एक निर्णय आधी घ्यावा लागतो: तिला काय म्हणायचं? सगळीकडे "आजी" लिहिलंत तर "आजी नऊ वर्षांची असताना झाडावरून पडली" असं विचित्र वाक्य येतं आणि वाचणाऱ्याला पांढऱ्या केसांची बाई झाडावर दिसते. मी त्या त्या वयातली तिची हाक वापरली. लहानपणी घरातलं लाडाचं नाव, नोकरीत पूर्ण नाव, मग वहिनी, काकू, आई. "आजी" हा शब्द लेखात पहिलं नातवंड जन्मल्यावरच आला, म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश लेख झाल्यावर. आपण तिला ओळखत होतो तो भाग किती उशिराचा होता हे तेव्हा डोळ्यांना दिसलं. आणि प्रत्यक्षात अगं-तुगं करत असलात तर लेखातही "ती" ठेवा. "आजी म्हणायच्या" असं लिहायला गेलात की ती शेजारची होते.

मग विशेषणांवर हात ठेवून वाचा. "काटकसरी होती" झाकलं तर खाली काय उरतं? काही नसेल तर चिठ्ठ्यांकडे परत जा. माझ्याकडे होतं: आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजू कापून ती त्यांवर हिशेब लिहायची, आणि ते कपटे वर्षवार दोऱ्याने बांधलेले होते. "काटकसरी" खोडलं.

घरातल्या मुलांना या कामात ओढा. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी २००१ च्या सुमारास "तुला माहीत आहे का?" अशी २० प्रश्नांची यादी केली: आजी-आजोबा कुठे वाढले, आई-वडील कसे भेटले वगैरे. ज्या मुलांना जास्त उत्तरं माहीत होती त्यांचा आत्मविश्वास जास्त असल्याचं त्यांना दिसलं. उत्तरं पाठ करून घेऊन काही होत नाही, हेही त्यांनीच बजावलं आहे. घरात गप्पा होतात की नाही, मुद्दा तो आहे. माझ्या भाचीने चिठ्ठ्या वयाप्रमाणे लावल्या आणि लावताना शंभर प्रश्न विचारले. त्यातल्या निम्म्यांची उत्तरं माझ्याकडे नव्हती.

ठेवायचं कुठे

हे थोडक्यात. फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या घरात. वर्षातून एकदा, तिच्या वाढदिवशी समजा, सगळं उघडून बघा. हार्डडिस्क न सांगता मरते. लेख छापून घ्या, आम्लविरहित (लवकर पिवळा न पडणाऱ्या) कागदावर, निदान तीन प्रती.

वस्तूंचा मोह आवरा. पाच ठेवा, बाकीच्यांचे फोटो काढून वाटून टाका. ठेवलेल्या प्रत्येकीबरोबर चिठ्ठी हवी, नाहीतर पुढच्या पिढीला तो नुसता एक जुना चष्मा असतो. कपडा असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून, सुती कापडात गुंडाळून उजेडापासून दूर ठेवा, आणि वर्षाला घडीची जागा बदला. एकाच रेघेवर घडी राहिली की तो तिथेच विरतो. हवाबंद प्लास्टिक नको.

छापण्याआधी एकदा, हयात असलेल्या सगळ्यात मोठ्या माणसासमोर पूर्ण लेख मोठ्याने वाचा. नुसता वाचायला देऊ नका. ऐकताना माणूस मध्येच थांबवतो, ते थांबवणं हवं आहे. मी मावशीला दोन दुपारी वाचून दाखवला. तिने चौदा चुका काढल्या. बारा सनावळीच्या, एक तिच्या स्वतःच्या नावाची. चौदावी एक साधीच ओळ होती, मला त्यात काही गैर दिसेना. तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, ती ओळ खोडली आणि म्हणाली, "पुढे वाच." मी कारण विचारलं नाही. ती ओळ लेखात नाही. चिठ्ठी पाकिटात आहे, वर वर्ष घातलंय.